चमचाभर ऑइल आणि आठ ग्रॅम बीड

जुन्या गाडीचं इंजिन कितपत झिजलं आहे हे पाहण्याची एक जुनी आणि स्वस्त चाचणी आहे. मेकॅनिक स्पार्क प्लग काढतो, त्या भोकात कंप्रेशन गेज बसवतो आणि स्टार्टरने इंजिन चार-सहा फेऱ्या फिरवतो. धडधाकट पेट्रोल इंजिनात काटा साधारण १७० ते १९० पीएसआयपर्यंत चढतो. समजा, तो ११० लाच अडला. मग मेकॅनिक त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडतो आणि पुन्हा स्टार्टर मारतो. आता काटा १५० वर गेला, तर दोष पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यात आहे. काटा जागचा हलला नाही, तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून निसटते आहे. पिस्टनच्या माथ्यावर पडलेलं ऑइल ओघळून कडेला जातं, रिंगांभोवतीच्या फटीत बसतं आणि घडीभर ती फट बुजवतं, एवढंच या चाचणीमागचं शास्त्र. तिला ओली चाचणी म्हणतात.

ऑइलमध्ये ओतायच्या बाटलीने झिजलेलं इंजिन पुन्हा उभं राहतं का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चमच्यातच आहे. द्रवाने फट बुजते आणि कंप्रेशन वाढतं, हे गेजवर दिसतं. त्यात कसली हातचलाखी नाही. पण प्लग लावून गाडी सुरू केली की तेच चमचाभर ऑइल निळसर धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, आणि पुन्हा गेज लावलं तर काटा ११० वर परत आलेला असतो. भिंत पहिल्यापासून होती तेवढीच झिजलेली होती. उरलेलं निम्मं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण ज्याला आपण सरसकट ‘इंजिन गेलं’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या जातींचे आजार मिसळलेले असतात. एकात धातू खरोखर गेलेला असतो. दुसऱ्यात धातू शाबूत असतो. त्यावर कार्बन बसलेला असतो, रिंग आपल्या खाचेत चिकटून बसलेली असते, नाहीतर व्हॉल्व्हचं रबरी सील वयाने कडक झालेलं असतं. लक्षणं मात्र दोन्हींत सारखी: गाडी ऑइल खाते, धूर मारते, चढावर दम टाकते. दुसऱ्या जातीच्या आजारावर बाटली कधीकधी लागू पडते. पहिल्यावर ती पडू शकत नाही, आणि ती का पडू शकत नाही हे साध्या हिशेबाने दाखवता येतं.

हिशेबासाठी मारुती ८०० घेऊ. तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, पन्नासदा वर आणि पन्नासदा खाली. दिशा बदलताना क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. ऑइलचा पातळ थर वेगावर जगतो. वेग गेला की तो कोलमडतो. वरच्या टोकाला तर याच सुमारास ठिणगी पडून पेटलेल्या वायूचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि हा दाब वरच्या रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. म्हणून सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. तो वरच्या टोकाशी सर्वांत जास्त झिजतो, खाली जाताना कमी कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका कुशीवर ढकलतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. हेड उघडल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेला नखाने चाचपून पाहिलं तर नख एका कंगोऱ्याला अडतं. तो कंगोरा म्हणजे मूळची भिंत. तिथवर रिंग कधी पोहोचतच नाही, म्हणून ती भिंत कारखान्यातून आली तशीच राहते. नख अडतं तेवढी झीज, असा अंदाज त्यावरून अनुभवी मेकॅनिक गेज न लावताही बांधतो.

आता समजा, वरच्या टोकाला व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला आहे. गॅरेजमध्ये बोअर करण्याची भाषा साधारण याच सुमारास सुरू होते. व्यास ०.१ ने वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट, म्हणजे ०.३१ मिलिमीटरने वाढतो. रिंग ही तोंड उघडं असलेली स्प्रिंग असते. ती पसरून भिंतीला टेकते, पण तिची लांबी काही वाढत नाही. तेव्हा परिघाची ही सगळी वाढ तिच्या दोन टोकांमधल्या फटीत जमा होते. नव्या इंजिनात ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवलेली असते. म्हणजे ती दुपटीच्या वर गेली, आणि यात रिंगेची स्वतःची झीज अजून धरलेलीच नाही. या दारातून जळता वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतो आणि चेंबरमधलं ऑइल वर चढतं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं की भकाभक वाफ येते, जुन्या गाड्यांच्या बाजारात ज्याला ‘बॅक कंप्रेशन’ म्हणतात, ती इथूनच.

गेलेला धातू वजनात मोजला तर गंमत वाटेल. वर ०.१ आणि खाली शून्य अशी झीज धरून सरासरी काढली, तर एका सिलिंडरमधून साधारण पावणेतीन ग्रॅम बीड निघून गेलेलं असतं. तिघांचं मिळून आठ ग्रॅमच्या जरा वर. दहा रुपयांच्या नाण्याचं वजन याहून किंचित कमी भरतं. इतक्याशा धातूसाठी इंजिन उघडायचं? ३०० मिलिलिटरच्या बाटलीत आठ ग्रॅम पूड सहज मावेल, मग ती पूड भिंतीवर बसवता येणार नाही का? रिस्टोरर नावाने विकल्या जाणाऱ्या मालाची सगळी भिस्त या प्रश्नावर असते. त्यात तांबं, शिसं, चांदी यांची भुकटी असो, सिरॅमिक असो की आणखी काही, कल्पना एकच: सिमेंटने भिंतीची भेग लिंपावी तसा सिलिंडर आतून लिंपून निघेल.

प्रश्न वजनाचा नसून जागेचा आहे. ते आठ ग्रॅम परत बसवायचे तर वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी ०.०५ मिलिमीटर, मधे त्याच्या निम्मे, खाली शून्य, एका कुशीला जास्त आणि दुसऱ्या कुशीला कमी, अशा मापाने बसले पाहिजेत. रिंगेच्या खाचेत, व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये, ऑइल पंपाच्या जाळीवर एक कणही साठता कामा नये. पुन्हा हे सगळं धावत्या पिस्टनच्या घासण्याखाली, ऑइलने ओल्या पृष्ठभागावर आणि आगीच्या शेजारी व्हायला हवं. ऑइलमध्ये तरंगणाऱ्या कणाला कुठे जास्त झीज झाली आहे हे कळण्याचा काहीही मार्ग नाही. जिथे घर्षण जास्त तिथे तो जास्त चिकटेल असं म्हणावं, तर जिथे घर्षण जास्त तिथूनच तो आधी खरवडला जाणार.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ऑइलमधली रसायनं धातूवर थर चढवतात हे तर विज्ञानाने मान्य केलेलंच आहे. हो, आणि त्या थराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पण त्याआधी ऑइल मुळात काय करतं हे पाहायला हवं. १८८३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. फिरता आस खालून ऑइलच्या कुंडात बुडलेला, वरून बेअरिंगचा भार. ऑइल देण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं ऑइल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर उसळून बाहेर येऊ लागलं. टॉवरने बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला, तर काटा २०० पीएसआयची मर्यादा ओलांडून गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० च्या आसपासच होता. आस धातूवर टेकलेलाच नव्हता. स्वतःच्या वेगाने ओढून आणलेल्या ऑइलच्या पाचरीवर तो तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि १९०२ मध्ये जर्मनीत रिचर्ड श्ट्रिबेकने भार, वेग आणि ऑइलचा दाटपणा यांच्याबरोबर घर्षण कसं बदलतं याचा आलेख काढला. आजही इंजिनची बेअरिंगं याच तत्त्वावर चालतात. वेग पुरेसा असेल तर धातूला धातू लागत नाही, आणि लागत नाही तिथे झीजही नाही.

जिथे वेग पुरत नाही, म्हणजे पिस्टनच्या धावेची टोकं, कॅमचं नाक, थंड इंजिनचे पहिले काही क्षण, तिथे हा तरंगता थर मोडतो. त्या जागांसाठी रसायनं लागतात. त्यांतलं सर्वांत यशस्वी म्हणजे जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं एक संयुग, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘झेडडीडीपी’. १९४० च्या दशकात ते ऑइल खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजू नये म्हणून वापरात आलं. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. घर्षणाच्या जागी उष्णता आणि दाब यांनी त्याचं विघटन होऊन धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर तयार होतो. तो घासून जातो, पुन्हा तयार होतो. धातूऐवजी तो झिजतो. हीच त्याची सगळी करामत. पण या थराची जाडी किती? साधारण ५० ते १५० नॅनोमीटर. १०० धरू. म्हणजे ०.०००१ मिलिमीटर. आपल्याला भरून काढायचे आहेत ०.०५ मिलिमीटर. अंतर पाचशे पटींचं आहे. भिंतीला पोपडा आला असताना त्यावर चुन्याचा हात मारावा तेवढाही हा थर नाही. तो पुढची झीज रोखतो, मागची भरून काढत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हे रसायन चांगल्या कंपनीच्या साध्या ऑइलमध्ये आधीपासूनच असतं. डब्यातल्या ऑइलचा दहा ते पंचवीस टक्के भाग असल्याच रसायनांचा असतो: मळ सोडवणारी, मळ तरंगत ठेवणारी, फेस मोडणारी, दाटपणा सांभाळणारी.

मग त्यात आणखी थोडं घातलं तर बिघडलं कुठे? मीठ चांगलं म्हणून आमटीत मूठभर घालत नाहीत, तसंच हे. धातूच्या पृष्ठभागावर जागा मर्यादित असते. झीज रोखणारं रसायन, मळ सोडवणारं रसायन आणि घर्षण कमी करणारं रसायन तिघंही त्याच जागेसाठी भांडतात. ऑइल बनवणाऱ्याने त्यांचं जमवून दिलेलं प्रमाण वरून ओतलेल्या बाटलीने ढळतं. दुसरं म्हणजे जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत नेतो. म्हणूनच ५डब्ल्यू-३० सारख्या आजच्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झालं. तेव्हापासूनच्या गाडीत, विशेषतः डिझेल गाडीच्या काजळी गाळणाऱ्या फिल्टरच्या बाबतीत, ऑइल जळून मागे राहणारी राख ही महागडी बाब झाली आहे.

एक अपवाद इथेच नोंदवायला हवा. पद्मिनी किंवा अँबॅसडर यांच्या जुन्या पुशरॉड इंजिनांत कॅम सपाट टॅपेटवर घासतो. कमी फॉस्फरसच्या ऑइलमध्ये अशा कॅमचं रक्षण कमी पडू शकतं, आणि हौसेने जुन्या गाड्या सांभाळणारे लोक झेडडीडीपीची बाटली वापरतात ती यासाठी. त्यांचं चुकत नाही. पण तेही रक्षणच आहे, पुनरुज्जीवन नव्हे. आणि गंमत अशी की या गाड्यांना शोभणाऱ्या २०डब्ल्यू-५० सारख्या दाट ग्रेडला ती ०.०८ ची मर्यादा लागूच नसते, त्यामुळे योग्य ऑइल निवडलं तर बाटलीची गरज बहुधा पडत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हजारो लोक सांगतात की बाटली टाकली आणि गाडी शांत झाली, धूर कमी झाला, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागायचा थांबला. हे सगळे खोटं बोलत असतील असं मानण्याचं कारण नाही. ऑइल ट्रीटमेंट म्हणून मिळणाऱ्या मधासारख्या दाट बाटल्यांत मुख्यतः असतं ते दाटपणा वाढवणारं पॉलिमर. ते घातल्यावर ऑइल फटींतून हळू गळतं, रिंगांपाशी जरा जास्त रेंगाळतं, टॅपेटचा आवाज दबतो. ओल्या चाचणीतला चमचा इथे जरा लांबवलेला असतो, इतकंच. पण तो किती लांबवता येईल याला गणिताची मर्यादा आहे. बेअरिंगच्या फटीतून ऑइलची गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि दाटपणाच्या मात्र साध्या व्यस्त प्रमाणात कमी होते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. ती पूर्ववत करायची तर ऑइल आठपट दाट हवं. आता गरम इंजिनच्या तापमानाला, म्हणजे १०० अंशांना, एसएई ३० ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो आणि एसएई ५० चा १६.३ ते २१.९. सबंध ऑइल बदलून दोन ग्रेड वर गेलं तरी दाटपणा सरासरीने दुपटीलाही पोहोचत नाही. कुठे आठपट आणि कुठे पावणेदोन पट! घनाशी गुणाकाराने लढता येत नाही.

लाल दिव्याचं तर याहून फसवं आहे. दाब हा प्रवाहाला झालेला अडथळा असतो. दाट ऑइलला पुढे ढकलणं कठीण, म्हणून दाब वाढलेला दिसतो. बेअरिंगला मिळणारं ऑइल वाढलं असा त्याचा अर्थ होत नाही. उलट पहाटेच्या थंडीत इंजिन सुरू केलं की हेच दाट ऑइल कॅमपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेतं, म्हणजे जिथे रक्षण सर्वांत जास्त हवं त्याच क्षणी ते उशिरा येतं. शिवाय अशी पॉलिमरं गिअर, पंप आणि रिंगा यांच्या कचाट्यात हळूहळू तुटत जातात. महिना-दोन महिन्यांत ‘औषधाचा असर उतरला’ असं लोक म्हणतात ते अगदी शब्दशः खरं असतं. तोवर एक तर गाडी विकून झालेली असते, किंवा दुसरी बाटली घ्यायची वेळ आलेली असते. जुनी गाडी विकण्याआधी चेंबरमध्ये जाडं ऑइल ओतण्याची युक्ती गाड्यांच्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे. जाणकार गिऱ्हाईक इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत आणि चांगलं तासभर पळवून झाल्याशिवाय झाकण उघडून पाहत नाही, ते त्यासाठीच.

अनुभवात आणखी एक घोळ असतो. बाटली बहुतेक वेळा ऑइल बदलताना टाकली जाते. जुनं, पेट्रोल मिसळून पातळ झालेलं, काळंकुट्ट ऑइल गेलं, नवा फिल्टर लागला, एअर फिल्टर झटकला, कधी प्लगही बदलले. एवढं झाल्यावर गाडी शांत होणारच. श्रेय मात्र त्या दिवशी प्रथमच आलेल्या पाहुण्याला मिळतं. दोन सारख्या गाड्या घेऊन एकीत नुसतं नवं ऑइल आणि दुसरीत ऑइल अधिक बाटली असा प्रयोग घरी कोण करणार?

असे प्रयोग न करता केलेले दावे कुठवर जातात याची नोंद अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दफ्तरात आहे. १९७८ मध्ये एसटीपी या प्रसिद्ध ऑइल ट्रीटमेंटच्या कंपनीने जाहिरातीतल्या दाव्यांच्या प्रकरणात पाच लाख डॉलरचा दंड भरला. १९९६ मध्ये कमिशनने स्लिक ५० वर तक्रार दाखल केली; इंजिनची झीज निम्म्यावर येते, सुरू होताना साध्या ऑइलने रक्षण होत नाही, अशा दाव्यांना आधार नसल्याचं तिचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटलं. पुढे ड्युरा ल्यूब आणि झेडमॅक्स यांच्यावरही अशाच कारवाया झाल्या. या प्रकरणांत कमिशन एकच गोष्ट मागत होतं: दावा करता ना, मग पुरावा दाखवा.

स्लिक ५० मध्ये होतं पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. ते धातूवर बसून इंजिन गुळगुळीत होईल ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण तव्याचीच कहाणी तिच्या विरुद्ध साक्ष देते. ज्या पदार्थाचा गुणच मुळी कशाला न चिकटणं, तो तव्याला चिकटवण्यासाठी कारखान्यात किती खटाटोप करावा लागतो! धातू खरवडून खडबडीत करायचा, तेलाचा थेंब राहू न देता स्वच्छ करायचा, खाली अस्तर द्यायचं आणि मग साडेतीनशे अंशांच्या वर भट्टीत भाजायचं. एवढं करूनही उलथन्याने चार महिन्यांत तो थर निघतो याची तक्रार घरोघरी असते. इंजिनमध्ये तर पृष्ठभाग सदैव ऑइलने माखलेला, आणि चेंबरमधलं ऑइल शंभर अंशांच्या आसपास. तिथे ही पूड भिंतीवर जडण्यापेक्षा फिल्टरमध्ये अडकण्याची शक्यता जास्त.

जत्रेत किंवा मोटार प्रदर्शनात दाखवलं जाणारं एक यंत्र यापेक्षा पटणारं वाटतं. एक पोलादी रिंग मोटरने फिरते, तिच्यावर तरफेने एक ठोकळा दाबला जातो. साध्या ऑइलमध्ये ठोकळा किंचाळतो, खाच पडते, मोटर थांबते. बाटलीतले चार थेंब घातले की दुप्पट वजन टाकूनही रिंग मजेत फिरते. हे टिमकेन पद्धतीचं यंत्र मुळात ग्रीस आणि गिअर ऑइलच्या चाचणीसाठी आहे. तिथे एका रेषेवर प्रचंड दाब असतो, इंजिनात तशी स्थिती फारशी येत नाही. या यंत्रात क्लोरीनयुक्त रसायनं हमखास बाजी मारतात, कारण पोलादावर ती झटकन क्षाराचा थर धरतात. पण तेच क्लोरीन गरम इंजिनच्या ओलसर चेंबरमध्ये आम्ल तयार करून बेअरिंगचा धातू खाऊ शकतं. ज्या परीक्षेत पहिला नंबर आला ती परीक्षाच दुसऱ्या विषयाची होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सर्पेंटाइन नावाच्या खनिजाची बारीक पूड ऑइलमध्ये घालून पोलादावर कठीण थर तयार होतो, असं रशियन आणि चिनी प्रयोगशाळांतल्या संशोधनांत आढळलं आहे. काहींत तो थर काही मायक्रॉन जाडीचा असल्याची नोंद आहे. म्हणजे झेडडीडीपीच्या कितीतरी पट जाड. ही कामं उडवून लावण्यासारखी नाहीत, आणि उद्या यातून काही चांगलं निघालं तर आनंदच आहे. पण काही मायक्रॉन म्हणजे आपल्या पन्नास मायक्रॉनांतला एक तुकडा. लंबगोल झालेलं भोक त्याने गोल होत नाही, सैल पडलेली रिंग घट्ट होत नाही, खाचेत खिळखिळी झालेली रिंग बसत नाही. मोजक्या भाराखाली फिरणाऱ्या तबकडीवर जे दिसतं त्यावरून लाखभर किलोमीटर धुळीत पळालेल्या इंजिनबद्दल बोलणं म्हणजे दोन टोकांमधला सगळा पूल हवेत बांधणं.

आता दुसऱ्या जातीचा आजार, जिथे बाटलीला खरोखर काम आहे. पिस्टनवरची सर्वांत खालची रिंग ऑइलची असते. ती भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाचेतल्या बारीक भोकांतून खाली चेंबरमध्ये सोडते. ऑइल बदलायला उशीर, रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन कधीच पुरतं न तापणं, यांनी ती भोकं कार्बनने बुजतात आणि रिंग जागीच आखडते. धातू शाबूत असतो, पण गाडी ऑइल प्यायला लागते. अशा वेळी चांगलं डिटर्जंट असलेलं ऑइल लवकर लवकर बदलणं, किंवा प्लगच्या भोकांतून कार्बन सोडवणारा द्रव टाकून रात्रभर पिस्टन भिजत ठेवणं, यांनी रिंग कधीकधी मोकळी होते आणि कंप्रेशन खरोखर परत येतं. टिकूनही राहतं. हायड्रॉलिक टॅपेट मळाने अडकून वाजत असतील तर तेही साफ केल्यावर गप्प होतात. व्हॉल्व्हच्या सीलचं रबर कडक झालेलं असेल, तर ते किंचित फुगवून मऊ करणारी रसायनं काही काळ धूर थांबवतात; सील फाटलेलं असेल तर नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकदाच भपका मारते आणि नंतर स्वच्छ चालते, तेव्हा संशय सीलवर. ॲक्सिलरेटर दाबला की सतत धूर, तेव्हा रिंगांवर.

यातही जपून. वर्षानुवर्षं साचलेला गाळ मळ धुऊन काढणाऱ्या फ्लशने एकदम सुटला तर तो पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि ऑइल मिळेनासं होऊन इंजिन जाम होऊ शकतं. बाईकचं इंजिन वेगळंच प्रकरण: तिथे बहुधा क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तेव्हा घर्षण कमी करणारी बाटली इंजिनपेक्षा आधी क्लचला घसरायला लावते.

म्हणून बाटलीपेक्षा आधी गेज, आणि गेजपेक्षाही आधी एक वही. ऑइल टॉप-अप किती किलोमीटरवर किती लागलं याची दोन-तीन महिन्यांची नोंद आणि कोरड्या-ओल्या कंप्रेशनचे आकडे समोर असले, की दुकानदाराशी बोलायला काही उरतच नाही. ओल्या चाचणीत काटा वर जातो आणि पिस्टन भिजवूनही कोरडा आकडा सुधारत नाही, तर धातू गेला आहे. मग हेड उतरवायचं, ब्लॉक लेथवाल्याकडे न्यायचा. तो भोक बोअर करून पुन्हा गोल आणि सरळ करतो, म्हणजे झिजलेलं भरत नाही, उलट आणखी बीड काढून टाकतो. मग त्या मोठ्या भोकाला बेतून पाव, अर्धा किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो. माप पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेलं असतं. तीही मापं संपली की भोकात नवी नळी, म्हणजे स्लीव्ह.

बोअर झाल्यावर होनिंगचा दगड भिंतीवर एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे मुद्दाम ओढतो. त्यांत ऑइल धरलं जातं, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरांत नव्या रिंगा त्यांवर घासून आपला आकार भिंतीशी जुळवून घेतात. तेवढी झीज या वेळी हवीच असते. ती झाली नाही तर रिंगा बसत नाहीत आणि नवं इंजिनही ऑइल खातं. म्हणून जाणता मेकॅनिक काम झालेली गाडी ताब्यात देताना साधंच ऑइल भरून देतो आणि बजावतो की एवढ्यात यात कसलीही बाटली टाकू नका.